जत्रा, प्रदर्शन आणि सोसायटीच्या कार्यक्रमात चॉकलेटचा स्टॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या स्वयंपाकघरात किंवा छोट्या युनिटमध्ये हाताने चॉकलेट बनवणाऱ्या आणि ते स्टॉल लावून विकणाऱ्या मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आणि थोडी गोव्याची आहेत, कारण हवेचा मुद्दा सोडून चॉकलेटच्या स्टॉलबद्दल काही बोलताच येत नाही. चॉकलेट स्टॉलवर बनत नाही, स्टॉलवर ते फक्त सांभाळायचं असतं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं आदल्या आठवड्याच्या कामाबद्दल आहेत.

वर्षभरातले कोणते कार्यक्रम घ्यावेत आणि कोणते सोडावेत?

डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा आपला हंगाम. पुण्यातली भीमथडी जत्रा, मुंबईचा काळा घोडा महोत्सव, नाताळचे बाजार, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं याच काळात येतं आणि हवाही साथ देते. चॉकलेट उघड्यावर मांडायचं धाडस करायचं तर ते याच दिवसांत.

दिवाळीचं मात्र पंचांग बघून ठरवा. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे दिवाळीपूर्वीची प्रदर्शनं एका वर्षी ऐन ऑक्टोबर हीटमध्ये, तर दुसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडावर. बंदिस्त, एसी हॉल असेल तर फरक पडत नाही. मैदानातला मांडव असेल तर ऑक्टोबरमध्ये भरलेली चॉकलेटं नेऊ नका, फक्त बार आणि सुका मेवा लावलेले प्रकार न्या.

राखी आणि गणपती ऐन दमट हवेत येतात. या दिवसांत स्टॉलपेक्षा आगाऊ ऑर्डर जास्त परवडते. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी बंद डबा न्यायचा. नवरात्रात पुण्याच्या चतुःशृंगीसारख्या जत्रेत गर्दी अफाट असते, पण ती भेळ, खेळणी आणि पाळण्यांची गर्दी आहे. तिथे दोनशे रुपयांचा बार हातात घेऊन कोणी थांबत नाही. एप्रिल-मेमधल्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला सरळ नाही म्हणा.

बुकिंग करण्याआधी आयोजकांना काय विचारावं?

भाड्यात जीएसटी धरला आहे का, डिपॉझिट कधी परत मिळणार, पाऊस पडला तर पैशांचं काय, रात्री माल स्टॉलवर ठेवायचा तर राखणदार आहे का, हे तर विचारालच. चॉकलेटवाल्याने याखेरीज पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, स्टॉलचं तोंड कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉलवर दुपारी तीन ते साडेसहा ऊन थेट टेबलावर येतं. ऊन पडलेली वस्तू भोवतीच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते, म्हणून पारा २८ दाखवत असतानाही बार मऊ पडतो.

दोन, वीज किती आणि कधी बंद करतात? डिस्प्ले फ्रीज चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. सगळ्यांना मिळून एकच जनरेटर असेल तर फ्रीज चालू होताच लाईन पडते आणि शेजारी तुमच्याकडे बघत राहतात. १५ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट मागा.

तीन, शेजारी कोण? कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं फॅट, वास पकडण्यात पटाईत आहे. बाजूला पावभाजीचा तवा, सुकी मासळी किंवा अगरबत्ती-धूपाचा स्टॉल असेल तर दोन दिवसांत उघड्या चॉकलेटला तो वास लागतो आणि तो काही केल्या जात नाही. बटर पेपरची गुंडाळीही पुरत नाही, फॉइल लागतं.

चार, चॉकलेटचे एकूण स्टॉल किती? चाळीस स्टॉलमध्ये चार चॉकलेटवाले असतील तर त्यातले दोन रिकाम्या हाताने घरी जातात.

पाच, गाडी स्टॉलपर्यंत येते का आणि किती वाजता? सकाळी आठला माल उतरवणं आणि अकराला उन्हात खोके वाहणं यात त्या दिवसाच्या नफ्याएवढा फरक पडू शकतो.

परवाने कोणते लागतात?

एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच, घरून करत असाल तरी. ती फॉसकॉस या त्यांच्या पोर्टलवर होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. त्या प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर दिसेल अशी लावा. बरेच आयोजक ती बुकिंगच्या वेळीच मागतात.

सुटं वजनावर विकणार असाल तर वजनकाट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो. ही कटकट नको असेल तर सगळं आधीच पॅक करून न्या.

जीएसटीमध्ये एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तुमचा पत्ता सिंधुदुर्गातला आणि स्टॉल पणजीत असेल तर तुम्ही तिथे ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ (दुसऱ्या राज्यात तात्पुरती विक्री करणारा) ठरता, आणि उलाढाल कितीही असो, विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी नोंदणी करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५पासून चॉकलेटवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने दर छापलेले स्टिकर अजून पडून असतील तर फेकून द्या.

छोट्या पाकिटावर किती मजकूर छापावा लागतो?

पदार्थाचं नाव, घटकांची यादी (वजनाने जास्त ते आधी), शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, पोषणमूल्य, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल आणि एफएसएसएआयचं बोधचिन्ह क्रमांकासह. अ‍ॅलर्जीची सूचना वेगळ्या ओळीत द्या: दूध, सोया (लेसिथिनमुळे), काजू-बदामासारखा मेवा, शेंगदाणा. शेंगदाणा एकाच प्रकारात असला तरी पातेली, साचे आणि उलथणी तीच असतील तर ‘अंश असू शकतो’ हे सगळ्या पाकिटांवर यायला हवं.

बॅच क्रमांक हा निव्वळ सरकारी सोपस्कार समजू नका. शनिवारी एखाद्याने येऊन ‘बदामाला खवट वास येतोय’ म्हटलं, तर त्या बदामाचे आणखी किती बार टेबलावर आहेत हे त्या क्रमांकावरूनच कळतं.

कंपाउंड वापरलं तर काय बिघडतं?

कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतिजन्य फॅट असतं. ते टेंपर करावं, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन त्याला चमक आणि कडकपणा आणावा लागत नाही, उन्हात जास्त वेळ टिकतं आणि स्वस्त पडतं. थंड हवेच्या ठिकाणी ‘होममेड चॉकलेट’ म्हणून मिळणारा बराच माल कंपाउंडचाच असतो. ते विकणं गुन्हा नाही, पण पाकिटावर नुसतं ‘चॉकलेट’ लिहून विकणं चुकीचं आहे. भारतीय नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीजचं वनस्पतिजन्य फॅट तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि तेही पाकिटावर जाहीर करावं लागतं.

खाणाऱ्याला फरक जिभेवर कळतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उष्णतेला झटकन विरघळतं. कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. तुमची किंमत हाताने केलेल्या चॉकलेटची असेल तर माल कूव्हर्चरचाच, म्हणजे कोको बटर असलेल्या खऱ्या चॉकलेटचाच हवा.

टेंपरिंग घरच्या घरी खात्रीने कसं करायचं?

एक किलो डार्कचं उदाहरण घेऊ. ७०० ग्रॅम वितळवा, ३०० ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवा. हे ३०० ग्रॅम आधी टेंपर झालेलं, चमकदार, कडक मोडणारं हवं, कारण बियाणं तेच आहे.

१. डबल बॉयलरमध्ये ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. खालचं पाणी उकळतं नको आणि वाफ वरच्या भांड्यात शिरायला नको. पाण्याचे चार थेंबही चॉकलेटचा ओल्या मातीसारखा गोळा करतात. मग ते फक्त गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मिश्रण) किंवा ब्राउनीच्या कामाचं.
२. आचेवरून उतरवा, भांड्याचं बूड पुसा. चिरलेलं चॉकलेट तीन वेळा थोडं थोडं घालून ढवळत राहा.
३. २७-२८ अंशांपर्यंत खाली आणा, मग हलकी ऊब देऊन ३१-३२ वर घ्या. साच्यात ओतायचं ते या तापमानाला.

दुधाच्या चॉकलेटसाठी हेच आकडे ४०-४५, २६-२७ आणि २९-३०. पांढऱ्यासाठी ४०-४५, २५-२६ आणि २८-२९.

सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. २०-२२ अंशांच्या खोलीत तीन ते पाच मिनिटांत ते एकसारखं, चमकदार सुकलं तर टेंपर बसलं. रेघा दिसल्या तर बियाणं नीट मिसळलेलं नाही. काम करता करता मिश्रण घट्ट होऊ लागलं तर घाबरून जास्त तापवू नका. स्फटिक वाढल्यामुळे ते जडावतं, अर्धा अंश ऊब पुरते. डार्क ३४च्या वर गेलं की पहिल्यापासून सुरुवात.

साचा भरल्यावर पाऊण-एक मिनिट आपटून बुडबुडे काढा आणि १०-१२ अंशांत १५ ते २० मिनिटं ठेवा. घरच्या फ्रीजचा खालचा, भाजीचा कप्पा त्यातल्या त्यात बरा. पावसाळ्यात खोलीचा एसी ‘ड्राय’ मोडवर ठेवून तासाभराने काम सुरू करा.

माल नेताना चांगला होता, स्टॉलवर पांढरे डाग आले. खराब झाला का?

खराब नाही, पण विकण्यासारखाही राहिलेला नाही. डाग दोन प्रकारचे असतात. बोटाने चोळल्यावर ते पुसट होऊन गुळगुळीत, तुपकट लागले तर ते फॅट ब्लूम. म्हणजे माल वाटेत गरम होऊन पुन्हा थंड झाला किंवा टेंपरच कच्चं होतं. खरखरीत, कोरडे आणि चोळूनही न जाणारे डाग म्हणजे शुगर ब्लूम. चॉकलेटवर पाणी जमलं, त्यात साखर विरघळली, पाणी उडालं आणि साखर मागे राहिली.

उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून हे ओळखता आलं पाहिजे. पहिल्यात दोष उष्णतेचा, दुसऱ्यात ओलाव्याचा. शुगर ब्लूम आलेल्या मालाला आणखी थंड ठेवत गेलात तर दुखणं वाढतंच.

मग स्टॉलवर फ्रीज ठेवावा की नाही?

हे गावावर आणि महिन्यावर अवलंबून आहे. गणपतीतली मुंबई घ्या: ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. अशा हवेत २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. म्हणजे फ्रीजमधलं चॉकलेट सोडाच, १८ अंशांच्या थंड पेटीतलं चॉकलेटही बाहेर काढताच त्याला घाम फुटणार. आता मार्चमधली पुण्याची दुपार घ्या: ३५ अंश, आर्द्रता २५ टक्के. तिथे दव धरायला वस्तू १२ अंशांच्या खाली जावी लागते. तेच १८ अंशांचं चॉकलेट कोरडं राहतं, फक्त लवकर मऊ पडतं.

म्हणून दमट गावात नियम एकच. थंड चॉकलेट उघडं बाहेर काढायचं नाही. हवाबंद डब्यात किंवा सील केलेल्या पाकिटात ते बाहेर आणा, तसंच बंद ४५ मिनिटं ते तासभर ठेवा, हवेच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला जमेल, चॉकलेटवर नाही. गिऱ्हाइकालाही हे सांगा. घरी जाऊन तो बॉक्स फ्रीजमध्ये टाकतो, पाहुणे आले की काढून लगेच उघडतो आणि पांढरे डाग बघून तुम्हाला फोन करतो.

गाडीतून माल कसा न्यावा?

दीड-दोन इंच जाडीची थर्माकोलची पेटी घ्या. पेटी आदल्या रात्रीच थंड खोलीत उघडी ठेवून गार करा. गरम पेटीत थंड माल भरला की जेल पॅकची काही थंडी पेटीच खाते. तळाला जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या, मग मालाचे हवाबंद डबे, वर पुन्हा कागद आणि एक पॅक. जेल पॅक चॉकलेटच्या डब्याला थेट टेकू देऊ नका, टेकलेल्या बाजूला घाम धरतो. आत एक साधा डिजिटल थर्मामीटर टाका, १६ ते २० अंश दाखवला की झालं. सुट्या बर्फाच्या पिशव्या नकोत, त्या गळतात. डिकीपेक्षा मागच्या सीटखालची जागा बरी. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावून भागत नाही. बंद गाडी सावलीतही तापते.

टेबलाची मांडणी कशी असावी?

उघडा माल कमी, रिकाम्या किंवा नमुन्याच्या पेट्या जास्त. टेबलावर प्रत्येक प्रकाराचे चार-पाच बार ठेवा, बाकी साठा टेबलाखाली पेटीत. मांडवातले पिवळे हॅलोजन दिवे चॉकलेटपासून लांब करून घ्या किंवा स्वतःचे एलईडी न्या. सहा फुटी टेबलावर मागच्या बाजूला पायऱ्यांसारखी उंची द्या, नाहीतर पुढे उभी असलेली दोन माणसं मागच्यांना सगळं झाकून टाकतात. किमतीची पाटी मोठी हवी. भाव विचारायला लाज वाटणारी माणसं न विचारताच निघून जातात.

क्यूआर कोड दोन ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवरचे. गर्दीत नेटवर्क बसतं आणि तेव्हा सुट्टे लागतात. दहा आणि वीसच्या नोटा मिळून हजार रुपये घरूनच न्या.

चॉकलेटचे मोदक फुटतात, चिरतात, साच्यातून निघत नाहीत. काय चुकतं?

निघत नसतील तर टेंपर. नीट टेंपर झालेलं चॉकलेट थंड होताना आकसतं आणि साच्यापासून आपोआप सुटतं. मोदकाच्या कळ्यांच्या खाचा खोल असतात, तिथे जरासं कच्चं टेंपरही अडकतं. दुसरं कारण साच्याचं. पॉलिकार्बोनेटचा साचा प्रत्येक वापरानंतर कोरड्या कापसाने आतून पुसून चमकवा, घासणी कधीही लावू नका.

चिरत असतील तर सारण बघा. उकडीच्या मोदकाचं गूळ-खोबऱ्याचं सारण चॉकलेटच्या कवचात भरायचा मोह होतो. त्यात पाणी असतं, ते कवचाला आतून ओलं करतं आणि एक-दोन दिवसांत आंबूस वास येतो. शिवाय सारण कोमट असेल तर कवच आतून वितळतं. त्याऐवजी सुकं खोबरं मंद आचेवर कोरडं होईपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, वेलची-जायफळ घाला आणि वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये मळून घ्या. पाण्याचा अंश नसल्याने ते टिकतं. भरताना सारण २६-२७ अंशांच्या वर नको, कवच दोन ते तीन मिलिमीटर जाड हवं.

केशराचं एक वेगळंच दुखणं आहे. केशराचा रंग पाण्यात उतरतो, फॅटमध्ये नाही. दुधात भिजवून घातलं तर चॉकलेटचा गोळा होतो, कोरडं घातलं तर रंगच येत नाही. काड्या हलक्या गरम करून दुधाच्या पावडरीबरोबर खलात बारीक कुटा आणि ती पूड घाला. रंग फिका येतो, ठिपके दिसतात आणि वास मात्र छान लागतो. खाण्याचा रंग वापरायचाच तर तेलात मिसळणारा घ्या. बाटलीतला पाण्याचा रंग अजिबात नको.

आपल्याकडच्या चवी चॉकलेटमध्ये कशा आणाव्यात?

कोरड्या करून. सगळी गोम तिथेच आहे.

आमसुलं बारीक कापून डिहायड्रेटरमध्ये ५५-६० अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत सुकवा, मग दळा. एक किलो डार्कला २० ते ३० ग्रॅम पूड पुरते. आमसुलाला मीठ लावलेलं असतं, म्हणून वेगळं मीठ घालण्याआधी चाखा. तिळगुळाच्या चवीसाठी गूळ थेट घालू नका, तो ओलावा धरतो आणि चॉकलेट जडावतं. तीळ-गुळाची कडक चिक्की करून जाडसर कुटा आणि लगेच वापरा. कुटलेली चिक्की तासभर उघडी राहिली तरी चिकट होते. पातळ पोहे कोरडे भाजून, पूर्ण गार करून किलोला दीडशे ग्रॅम घातले तर जो कुरकुरीतपणा येतो तो बाजारच्या क्रिस्पीजपेक्षा (फुगवलेल्या धान्याच्या दाण्यांपेक्षा) हलका असतो. आंब्याचा रस नाहीच, फ्रीझ-ड्राइड आंब्याची पूड वापरा. अक्रोड लवकर खवट होतात, मोठ्या साठ्यात ते टाळा.

चिवड्याचा बार हा प्रकार अधूनमधून कोणीतरी करून बघतं. लसणाचा चिवडा नसेल तर बरा लागतो.

स्टॉलवर स्ट्रॉबेरी बुडवून द्यायची आहे. काय तयारी लागते?

महाबळेश्वर-पाचगणीचा माल डिसेंबरपासून चांगला येतो, आणि या एका पदार्थापुढे रांग लागते हे खरं. स्ट्रॉबेरी सकाळी धुवा, कापडावर पसरा, एकेक टिपून पूर्ण कोरडी करा. देठ काढू नका, काढला की रस गळतो. फ्रीजमधून काढलेली थेट बुडवू नका. तिच्यावर दव असतं, त्याने भांड्यातलं सगळं चॉकलेट आखडतं, आणि थंडपणामुळे थर जाड बसून माल जास्त जातो. एका मध्यम फळाला सहा ते आठ ग्रॅम चॉकलेट लागतं, म्हणजे सांडलवंड धरून किलोत साधारण शंभर ते सव्वाशे. मेल्टरचा (चॉकलेट वितळलेलं ठेवणाऱ्या विजेच्या भांड्याचा) काटा ३१-३२ वर ठेवा आणि शेजारी थर्मामीटर ठेवून तासातासाला बघा, कारण स्वस्त मेल्टरचा काटा खोटं बोलतो. बुडवलेली फळं त्याच दिवशी संपली पाहिजेत, दुसऱ्या दिवशी तळाशी रस सुटलेला असतो.

सॅम्पल किती द्यावं?

तीन-चार ग्रॅमचा तुकडा. किलोत अडीचशे ते तीनशे तुकडे होतात. चिमट्याने द्या, ताटली पुढे सरकवू नका. ताटली सरकवली की पोरं मूठ भरतात आणि आई-बाबा नजर चुकवतात. आधी दुधाचं, मग डार्क असा क्रम ठेवा. उलटा ठेवलात तर दुधाचं नुसतंच गोड लागतं. देण्याआधी ‘मेवा चालतो ना?’ हे दर वेळी विचारा. सोबत कुत्रं असेल तर त्याला तुकडा देऊ देऊ नका, चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असतं.

स्टॉलचं भाडं परवडेल की नाही, हे आधी कसं कळेल?

हिशेब कागदावर मांडा. समजा दोन दिवसांचं भाडं ६,००० रुपये, येण्या-जाण्याचा खर्च १,५००, मदतनिसाचे १,२०० आणि किरकोळ ३००. झाले ९,०००. तुमचं सरासरी बिल २५० रुपयांचं आहे आणि कच्चा माल, पॅकिंग, सॅम्पल वजा जाता निम्मे, म्हणजे १२५ उरतात. ९,००० भागिले १२५ म्हणजे ७२ बिलं. दोन दिवसांत ७२ बिलं झाली की खर्च निघाला, तुमच्या मेहनतीचा रुपया मात्र त्यापुढे. खरेदीचा वेळ बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पाच ते नऊ एवढाच, म्हणजे तासाला नऊ बिलं. एका मदतनिसाबरोबर सॅम्पल, माहिती, पैसे आणि पिशवी हे सगळं करताना तासाला नऊ बिलं जमतील का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर मदतनीस दोन लागतील आणि गणित पुन्हा मांडावं लागेल.

माल किती न्यायचा तेही यातूनच निघतं. पहिल्यांदा जात असाल तर खर्च निघण्याच्या दीडपट, वर दाखवलेल्या उदाहरणात १०८ बिलांपुरता. पाच-सहापेक्षा जास्त प्रकार नकोत. वीस प्रकार बघून माणूस ‘नंतर येतो’ म्हणतो.

‘दुकानात दहा रुपयाला मिळतं, तुमचं दोनशेला का?’

हा प्रश्न दर अर्ध्या तासाला येतो. भाषण देऊ नका, तुकडा द्या. मग कोको किती टक्के आहे आणि वजन किती आहे एवढंच सांगा. कोको कुठला ते ठाऊक असेल तर तेही सांगा: इडुक्कीचा, अनमलईचा, आंध्रातल्या गोदावरी पट्ट्यातला. २०२४मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता हेही खरंय, पण ते गिऱ्हाइकाला ऐकवण्यात अर्थ नाही. त्याला घासाघीस करायची असेल तर भाव पाडण्यापेक्षा ३०-४० रुपयांचं छोटं पाकीट पुढे करा. ते असायलाच हवं, शाळकरी मुलांचं गिऱ्हाईक त्यावरच चालतं.

उपवासाला चालतं का? जैन आहे का? पूर्ण शाकाहारी आहे का?

उपवासाचा निर्णय तुम्ही देऊ नका. घटक वाचून दाखवा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या. पोहे, बिस्किट, क्रिस्पीज असलेले प्रकार मात्र स्वतःहून ‘यात धान्य आहे’ म्हणून बाजूला करा.

शाकाहाराबद्दल अधिक सावध राहायला हवं. मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून येतं. चमक आणणाऱ्या ग्लेझमध्ये शेलॅक (ई ९०४) म्हणजे लाखेच्या किड्यापासून येणारा पदार्थ असतो, आणि काही लाल रंगांत कारमाइन (ई १२०) असतं, तेही किड्यापासूनच. तयार स्प्रिंकल्स आणि चमकत्या गोळ्या विकत घेताना डब्याच्या मागचे हे आकडे वाचा. गणपतीच्या प्रसादाचे मोदक करत असाल तर हे वाचणं टाळूच नका.

शुगर-फ्री ठेवावं का?

मागणी असते. पण ‘मधुमेहींसाठी’ असं पाटीवर लिहू नका. त्यात साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल असतं, तेही रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवतंच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. ‘डार्क आहे ना, मग साखर नसणार’ हा गैरसमजही दूर करा. ७० टक्के डार्कच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते.

सोसायटीने मुलांची कार्यशाळा घ्यायला सांगितली आहे. कशी घ्यावी?

वीस मुलं, एक तास, दोन मोठी माणसं. त्यापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. इथे कंपाउंड वापरायला हरकत नाही, कारण टेंपरिंग होईपर्यंत सात वर्षांचं मूल थांबत नाही. ते कंपाउंड आहे हे पालकांना मात्र सांगा. मुलामागे ६० ग्रॅम धरा, म्हणजे १.२ किलो, वर सांडण्याचे २५० ग्रॅम. वितळवण्याचं काम आधीच उरकून ४० अंशांखाली मेल्टरमध्ये ठेवा. उकळत्या पाण्याचं भांडं मुलांच्या आसपास नको. पायपिंग बॅगमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र भरून द्या आणि बॅगचं टोक तुम्हीच कापा. हात धुतल्यावर पूर्ण पुसायला लावा, ओल्या हातांनी सगळं आखडतं. अ‍ॅलर्जीची विचारणा आदल्या दिवशी ग्रुपवर करा आणि एका मुलालाही शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्या दिवशी शेंगदाणा घरीच ठेवा. साचे घट्ट होईपर्यंतची वीस मिनिटं कशात घालवायची ते आधी ठरवा. कोकोचं वाळलेलं फळ आणि भाजलेल्या बिया मिळाल्या तर न्या, बी सोलून खायला दिलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

उरलेल्या मालाचं काय करायचं?

घरी आल्यावर तीन ढीग करा. ज्यांची पेटी उघडलीच नाही तो पहिला, तो जसाच्या तसा पुढच्या विक्रीला. टेबलावर मांडलेले पण पॅक असलेले साधे बार दुसरा. त्यातले दोन-तीन उघडून बघा, फॅट ब्लूम असेल तर सगळे पुन्हा वितळवून टेंपर करता येतात. त्यांची तारीख मात्र जुन्या बॅचचीच राहते, नवी छापू नका. शुगर ब्लूम असलेले बार पुन्हा ओतायच्या कामाचे नाहीत, ते ब्राउनीत किंवा हॉट चॉकलेटमध्ये घाला. क्रीमच्या गनाशने भरलेली चॉकलेटं हा तिसरा ढीग. मांडवात दिवसभर राहिली असतील तर ती विकू नका आणि वाटूही नका. क्रीममध्ये पाणी असतं, उष्णतेत त्यात काय वाढलं आहे ते चवीवरून कळत नाही.